बहात्तर अंशांचा जोड

आता जे सांगतो ते तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे. माझ्या सख्ख्या भावाला वाटलं, माझ्या डॉक्टरला वाटलं, आणि ज्या घरात हे घडलं त्या घरातल्या थोरल्याने तर मला तोंडावर ऐकवलं की तुम्ही पत्रा कापता तशी थापही मापात कापता. तेव्हा तुमच्याकडून माझी काही अपेक्षा नाही. पण हे ऐकून घेतल्याशिवाय मी पत्र्याला कात्री लावणार नाही.

हे मी ज्यांना म्हणालो ते नवरा-बायको माझ्या दुकानात स्टुलावर बसले होते. तीन मजली घर बांधत होते आणि त्यांना भिंतीतलं नळकांडं हवं होतं: वरून मळके कपडे टाकायचे, ते थेट तळघरातल्या धुण्याच्या खोलीत जाऊन पडायचे. कागदोपत्री त्याला लाँड्री शूट म्हणतात. नवऱ्याने मोबाइलवर चित्र काढून आणलं होतं. नळकांडं प्लायवूडचं, आतून गुळगुळीत पॉलिश, तोंडाला वेताची सुंदर झडप.

"नियमाच्या कागदात खूप काय काय लिहिलंय," तो म्हणाला. "पत्राच हवा, भोवती तासभर आगीला टिकेल अशी भिंत हवी, दारं आपोआप लागणारी हवीत. एवढं सगळं लागतंच का हो? कपडेच तर टाकायचेत."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आग खालून वर निघाली की नळकांड्याच्या तोंडाशी थांबेल, आत डोकावेल आणि म्हणेल, अरे, हे तर कपड्यांसाठी आहे, आपण जिन्याने जाऊ."

बायको हसली. नवरा हसला नाही. चित्र त्याने काढलं होतं.

दुकानात आणखी एक जण होती. पाण्याच्या पिंपाचं गळकं बूड सांधून घ्यायला आलेली सूनबाई, उपड्या डब्यावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. मी जे घर सांगणार होतो त्याच घरातली ती धाकटी सून. शहाण्या माणसाने ती जाईपर्यंत दम धरला असता. पण गोष्ट जिभेवर आली की मला ती गिळता येत नाही, घशाचा जुना त्रास आहे.

तर ते घर. खाली तळघर, तिथे धुण्याचं यंत्र आणि कपडे वाळवायचा हीटर. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि बैठक. पहिल्या मजल्यावर थोरला भाऊ आणि थोरली. दुसऱ्यावर धाकटा आणि ही. तिसऱ्यावर एकच खोली, तिच्यात त्या भावांची आत्या. आत्याबाईंनी दोघांना लहानपणापासून वाढवलं, त्यांची शाळा केली, त्यांची लग्नं केली, आणि मग गुडघे गेले. गुडघे गेल्यावर माणसाचा मोठेपणा घरच्यांना जरा कमी दिसायला लागतो.

आत्याबाईंचा एकच हट्ट. आपले कपडे दुसऱ्या कुणी उचलायचे नाहीत. सूनबाईने दहादा म्हणून पाहिलं, मी नेते म्हणून. नाही म्हणजे नाही. एक दिवस गाठोडं घेऊन उतरताना जिन्यावर घसरल्या. थोडक्यात निभावलं, पण थोरल्याने लगेच ज्येष्ठांच्या एका निवासाचं चकचकीत पत्रक आणून बैठकीत ठेवलं. पत्रकावर पांढऱ्या केसांची माणसं इतकी खूश होती की आपल्यालाही लवकर म्हातारं व्हावंसं वाटेल. थोरलीने तर वरच्या खोलीच्या भिंतीही मापून घेतल्या. तिला तिथे व्यायामाची सायकल मांडायची होती.

शेवटी धाकट्याने मध्यममार्ग काढला. भिंतीत नळकांडं घालू. आत्याबाई वरच्या वर कपडे टाकतील, जिना वाचेल. थोरला म्हणाला, ठीक आहे. सरकारी तपासणीत पास झालं तर आत्या वर राहील. नापास झालं तर बुजवायचं आणि आत्याने तिकडे जायचं. त्याला खात्री होती की पास होणार नाही, कारण काम मला दिलं होतं.

"तसं काही ते म्हणाले नव्हते," सूनबाई म्हणाली.

"चेहऱ्याने म्हणाले होते."

नळकांडं मी असं केलं की नाव काढायचं. आतून पत्रा इतका गुळगुळीत, की शेजारचं मांजर तिसऱ्या मजल्यावरून आत पडलं ते तळघरात इस्त्री होऊन निघालं.

"काका," सूनबाई म्हणाली.

"घडी घातलेली नव्हती. नुसती इस्त्री."

आणि प्रत्येक मजल्यावरच्या दाराला स्प्रिंग. हात काढला की दार आपोआप लागायचं आणि खिटी आपोआप पडायची. स्प्रिंग अशी कडक, की थोरल्याने घाईत सदरा टाकला तर सदरा खाली गेला आणि बाही वर राहिली. आठवडाभर तो अर्ध्या बाहीचा सदरा घालून ऑफिसला गेला. लोकांना वाटलं, फॅशन.

दारं लागायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी त्या घरातली माणसं कोमेजली.

त्याचं कारण असं, की स्प्रिंगा बसवायच्या आधी महिनाभर नळकांडं उघड्या तोंडाचं होतं, आणि तेवढ्यात त्या घराला एक शोध लागला होता. खाली स्वयंपाकघरात कुणी काही पुटपुटलं की वर तीनही मजल्यांवर ते स्वच्छ ऐकू यायचं. थोरली नवऱ्याला काय म्हणाली ते धाकटीला कळायचं. धाकटी फोनवर आईला काय म्हणाली ते थोरलीला कळायचं. आत्याबाईंना सगळंच कळायचं. घरात तीन टीव्ही होते, त्यांच्यावर धूळ बसली. आणि आता हे नियमवाले सांगणार, दार बंद ठेवा. म्हणजे घराने जगायचं कशावर?

तेव्हा प्रत्येकाने आपापल्या मजल्यावर गुपचूप दाराला अडसर घातला. चार बोटांची फट. कपडा जाणार नाही, पण शब्द जाईल.

"हे खरंय?" स्टुलावरच्या बाईने सूनबाईला विचारलं.

"हे खरंय," सूनबाई पिशवीचा बंद गुंडाळत म्हणाली. "आमच्या मजल्यावर चमचा होता."

मग तपासनीस आले. आगीच्या खात्यातले. माणूस असा काटेकोर, की स्वतःच्या घरी अंघोळीचं पाणी तापवायच्या आधीसुद्धा बाहेर पडायची वाट मोकळी आहे का ते दोनदा बघायचा. शिंक आली तरी आधी आजूबाजूला काय पेट घेऊ शकेल याचा अंदाज घ्यायचा. त्यांच्या हातात बंदुकीसारखं एक यंत्र होतं. लांबूनच रोखलं की समोरच्या वस्तूची उष्णता आकड्यात दाखवायचं. थोरल्यावर चुकून रोखलं गेलं तर आकडा आलाच नाही.

पहिल्या मजल्यावर दाराच्या फटीत कंगवा. साहेबांनी तो चिमटीत धरून विचारलं, "हा कुणाचा?"

थोरलीने कानावर हात ठेवले. "वाऱ्याने आला असेल."

दुसऱ्या मजल्यावर चमचा. हिनेही कानावर हात ठेवले. तिसऱ्यावर चष्म्याचं घर. आत्याबाई म्हणाल्या, "माझंच आहे. मला खालचं ऐकायला आवडतं. तुम्ही काय लिहायचं ते लिहा." अख्ख्या घरात तेवढंच एक खरं बोललं गेलं, आणि साहेबांनी नेमकं तेच लाल शाईने लिहिलं.

मग त्यांनी थोरला, थोरली, धाकटा, ही, सगळ्यांना बैठकीत उभं केलं आणि सांगितलं, "तळघरातला हीटर पेटला तर या नळकांड्यातून धूर तिसऱ्या मजल्यावर पोचायला मिनिटसुद्धा लागणार नाही. वर जी व्यक्ती राहते तिला गुडघे नाहीत. आणि तुम्ही तिच्या वाटेत कंगवे लावताय." मी गंभीर चेहरा केला. दारं माझी होती, पण कंगवा माझा नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांना तळघरात सापडली. नळकांड्याच्या खालच्या तोंडाला सरकतं झाकण लागतं. एरवी ते तारेने वर ओढून धरलेलं, उघडं. त्या तारेच्या मध्ये एक छोटा जोड घालायचा: धातूच्या दोन पट्ट्या, मध्ये अशा खास धातूचा सांधा, की बहात्तर अंशांना वितळलाच पाहिजे. खाली आग लागली की आच त्या जोडाला लागते, जोड सुटतो, झाकण धाडकन पडतं आणि आग खालच्या खालीच कोंडली जाते. माझ्या तारेत जोड नव्हता. गाठ होती. गाठ मी फार सुंदर मारतो, पण साहेबांना तिचं कौतुक वाटलं नाही.

"आठ दिवस देतो," ते म्हणाले. "दारं लागली पाहिजेत, आणि जोड माझ्या डोळ्यांसमोर सुटला पाहिजे. नाही तर नळकांडं बंद."

त्या आठ दिवसांत थोरल्याने ज्येष्ठांच्या निवासाला दोनदा फोन केला. नळकांड्याला आता फटी नव्हत्या, त्यामुळे वर आत्याबाईंना ऐकू जावं म्हणून त्याला जिन्यात उभं राहून बोलावं लागलं, आणि ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. आत्याबाईंनी पेटी काढली. रोज सकाळी सामान भरायच्या, संध्याकाळी बाहेर काढायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, हात मोकळे ठेवतेय. पत्रकातल्या त्या हसऱ्या म्हातारीचं चित्र त्यांनी फाडून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं होतं आणि तिला मिशा काढल्या होत्या.

आणि मी जोड बसवला. अव्वल जोड.

इथे सूनबाईने मान वर केली. मी पिंपाकडे बघितलं आणि पुढे गेलो.

आठव्या दिवशी साहेब आले. दारं एकेक करून तपासली. उघडायचं, सोडायचं, खट्. पहिला मजला खट्, दुसरा खट्, तिसरा खट्. आत्याबाई पेटीवर बसून बघत होत्या. प्रत्येक खट् झालं की पायातली एक चप्पल काढायच्या आणि पुन्हा घालायच्या. थोरला दारात उभा, घड्याळाकडे बघत. निवासाची गाडी चार वाजता बोलावली होती म्हणे त्याने, म्हणजे आणखी फोन नको.

मग साहेबांनी आत्याबाईंचं दार उघडून नळकांड्यात टॉर्च मारला. तिसऱ्या मजल्यावरून थेट तळ दिसत होता, माझं काम तसंच सरळ. "आता जोड. खाली कडकडीत पाणी घेऊन या, जोडाला लावा. मी इथून बघतो झाकण पडतं का."

"आलोच," मी म्हटलं आणि खाली गेलो. पण गॅसने दगा दिला. तेव्हा हात हलवत वर आलो, तर वर येईपर्यंत भांडण सुरू.

ही धाकटी तळघरात धुण्याच्या यंत्रापाशी उभी. थोरली पहिल्या मजल्यावर आपलं दार उघडून, नळकांड्यात तोंड घालून. मध्ये मी केलेला गुळगुळीत पत्रा. शब्दन् शब्द वर आत्याबाईंच्या खोलीत.

ही खालून म्हणाली, "ताई, कंगवा तुमचाच होता. दोन दात तुटलेला."

थोरली वरून, "माझ्या कंगव्याचे दात मोजत बसतेस, म्हणून तुझं दूध रोज उतू जातं."

"उतू जातं कारण तुम्ही वरून काय बोलता ते मी ऐकत उभी असते."

साहेबांनी सवयीने यंत्र नळकांड्यात रोखलं. एकतीस अंश. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग अडतीस.

"लाज नाही वाटत ऐकायला?"

"बोलायला तुम्हाला वाटली नाही, मग मला ऐकायला का वाटेल? आणि त्या खोलीत सायकल मांडायचीय ना, मग आधी तिच्यावर बसा. दोन वर्षं तिच्यावर ओले टॉवेल वाळतायत."

सेहेचाळीस. पत्रा कुरकुरायला लागला. साहेबांनी कोट काढला.

"मी त्यांच्या भल्याचंच बघितलंय," थोरली म्हणाली. "तिथे लिफ्ट आहे, नर्स आहे, बाग आहे."

"मग तुम्हीच जा. दम तर तुम्हालाही लागतो."

एकोणसाठ. आत्याबाईंच्या खिडकीच्या काचेवर वाफ धरली. थोरल्याने दारातून हाक मारली, अगं पुरे. पण त्याचा आवाज जिन्याने जात होता, आणि जिन्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"माझ्या घरात मी काय करायचं ते तू मला शिकवू नकोस."

"तुमच्या बाळंतपणात तीन महिने तुमचे कपडे हाताने धुतले त्यांनी. तेव्हा यंत्र नव्हतं. आता त्यांचे चार कपडे आपोआप खाली येणार, तेही तुम्हाला जड होतायत."

बहात्तर.

आणि तुम्हाला सांगतो, त्या शब्दांच्या आचेने खाली तो जोड लोण्यासारखा वितळला, तार सुटली, आणि झाकण धाडकन खाली आलं. साहेबांच्या टॉर्चला तळ दिसेना. नुसता चकाकता पत्रा.

आणि एकदम शांत. खालचा आवाज कापल्यासारखा बंद.

आत्याबाईंनी नळकांड्यापाशी कान नेला आणि म्हणाल्या, "हे काय, ऐन मोक्याला तुटलं."

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आवाज धुरापेक्षा बारीक असतो. आवाज अडला म्हणजे धूर अडणारच." आणि पेटीच्या झाकणावर कागद ठेवून सही केली. उष्णतेचा उगम या रकान्यात त्यांनी लिहिलं: कौटुंबिक.

चार वाजता गाडी आली. थोरल्याने तिला परत पाठवलं, आणि जाण्यायेण्याचं भाडं भरताना थोरलीचा चेहरा असा झाला की साहेबांनी जाता जाता पुन्हा एकदा यंत्र रोखून बघितलं. आत्याबाई अजून त्या खोलीत आहेत. रोज सकाळी आठला कपडे टाकतात, दार खट् लागतं. चष्म्याचं घर आता चष्म्यासाठी वापरतात.

"तेव्हा," मी नवऱ्याला म्हटलं, "प्लायवूड विसरा. पत्रा, स्प्रिंग, भिंत, खाली झाकण, आणि जोड बहात्तरचा. घरात भांडणं होतात ना?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "लावू या," बायको म्हणाली. "सगळं."

मी कात्री उचलली. तेवढ्यात सूनबाई डब्यावरून उठली.

"काका, जोड वितळला नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. खाली मी होते." ती आता माझ्याशी नाही, त्या दोघांशी बोलत होती. "तो वितळणारच नव्हता. विकतचा जोड वेळेत आला नाही, म्हणून यांनी घरीच केला. साध्या कथलाने सांधला. त्याला वितळायला अडीचपट आच लागते. साहेबांनी कडकडीत पाणी म्हटलं तेव्हा कुठे यांच्या लक्षात आलं. गॅस चांगला चालू होता. यांनी जिन्यात मला गाठलं, पक्कड माझ्या हातात दिली आणि म्हणाले, सूनबाई, मी चुकलो, आत्याबाई जातील."

मी पिंपाच्या बुडावर ठोकून बघितलं. बूड ठीक होतं.

"पक्कडीचा आवाज त्या नळकांड्यातून वर जाणार, हे मला माहीत होतं," सूनबाई म्हणाली. "म्हणून ताईंना आधी कंगव्यावरून छेडलं. त्या पुरेशा जोरात बोलायला लागल्या तेव्हा तार तोडली."

"पण मग आत्ता तिथे," स्टुलावरची बाई म्हणाली, "त्या अजून वर झोपतात, आणि खाली तो कथलाचाच…"

"छे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हे दारात उभे, खरा जोड घेऊन. रात्रभर कुठल्या गावाला जाऊन आणला कोण जाणे. माझ्यासमोर कढत पाणी ओतून एक जोड सोडून दाखवला आणि दुसरा बसवला. चहासुद्धा घेतला नाही."

"आणि ते आकडे? एकोणसाठ, बहात्तर?" नवऱ्याने विचारलं.

"साहेबांच्या यंत्राची बॅटरी संपली होती."

मी कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"म्हणजे भांडणही खोटंच," नवरा म्हणाला.

"नाही," सूनबाईने पिंप उचललं. "ते खरं होतं. ते अजून चालू आहे."